प्रसूतिवेदनांवरील औषधे : निवड कोणाची?

दात काढताना हिरडी बधिर केली नाही, तर रुग्ण खुर्चीवरून उठून जाईल. मोडलेले हाड बसवताना भूल दिली नाही, तर नातेवाईक डॉक्टरांना जाब विचारतील. परंतु माणसाच्या वाट्याला येणाऱ्या तीव्रतम वेदनांमध्ये जिची गणना होते, ती प्रसूतीची वेदना मात्र बारा-बारा तास औषधावाचून सोसली जाते आणि त्याबद्दल कोणी कोणाला जाब विचारत नाही. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे म्हणून समाज तिच्या सोसण्याचा गौरव करतो. हा गौरव खोटा असतो असे नाही. पण तो केला की आपले कर्तव्य संपले, अशी सर्वांची सोयीस्कर समजूत होऊन बसते.

वस्तुतः वेणा शमवण्याचे उपाय वैद्यकाच्या हाती येऊन पावणेदोनशे वर्षे उलटून गेली. त्यांतला कोणताही उपाय निर्दोष नाही. कोणी वेदना थोडी बोथट करतो, कोणी जवळजवळ नाहीशी करतो. कोणाचा भार आईवर पडतो, कोणाचा बाळावर, तर कोणाचा रुग्णालयाच्या मनुष्यबळावर. म्हणूनच या औषधांची तुलना ही केवळ डॉक्टरांच्या परिषदेत होण्याची बाब नाही. जिला ती घ्यायची आहे तिला आणि तिच्या घरच्यांनाही ती ठाऊक असली पाहिजे.

जुना वाद

एडिंबरोचे प्रसूतितज्ज्ञ डॉ. जेम्स यंग सिम्प्सन यांनी जानेवारी १८४७ मध्ये एका प्रसूतीत ईथरचा उपयोग केला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात क्लोरोफॉर्मचा. त्यांच्यावर दोन बाजूंनी टीका झाली. प्रसूतीच्या वेदना हे ईश्वरी विधान आहे, त्यात मानवाने ढवळाढवळ करू नये, असे काही धर्मनिष्ठांचे म्हणणे होते. बायबलाचाच आधार घेऊन सिम्प्सन यांनी त्याला उत्तर दिले. दुसरी टीका वैद्यकातूनच आली. निसर्गक्रमाने होणाऱ्या गोष्टीसाठी निरोगी स्त्रीला विषारी द्रव्य हुंगायला लावणे कितपत योग्य, हा तिचा आशय होता. १८४८ साली पायाच्या नखाच्या किरकोळ शस्त्रक्रियेत क्लोरोफॉर्म दिलेली एक पंधरा वर्षांची मुलगी दगावली, तेव्हा ही शंका अनाठायी नव्हती हे दिसून आले.

७ एप्रिल १८५३ रोजी राजपुत्र लिओपोल्डच्या जन्माच्या वेळी व्हिक्टोरिया राणीने डॉ. जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतले. स्नो यांनी रुमालावर थोडे थोडे औषध टाकून, राणीची शुद्ध न हरपू देता, ५३ मिनिटे ते दिले. राणीनेच घेतल्यावर धर्माचा आक्षेप हळूहळू मागे पडला. औषध सुरक्षित आहे का, हा दुसरा आक्षेप मात्र टिकला, आणि तो टिकला हे बरेच झाले. पुढच्या प्रत्येक औषधाला त्याच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले.

ते उत्तर न देता उत्साहाने पुढे गेल्यास काय होते, याचा धडा विसाव्या शतकाच्या आरंभी मिळाला. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे क्रोनिग व गाउस या डॉक्टरांनी १९०६ च्या सुमारास मॉर्फीन आणि स्कोपोलामीन ही औषधे एकत्र देण्याची पद्धत पुढे आणली. संधिप्रकाशातील निद्रा असे काव्यमय नाव तिला मिळाले. अमेरिकेत १९१४ मध्ये ही पद्धत आपल्यालाही मिळावी म्हणून स्त्रियांनीच चळवळ उभारली. परंतु या पद्धतीत स्कोपोलामीनचे मुख्य काम वेदना थांबवणे हे नव्हतेच. ते वेदनेची स्मृती पुसून टाकत असे. स्त्री तडफडे, ओरडे, कित्येकदा तिला खाटेला बांधून ठेवावे लागे; जागी झाल्यावर मात्र तिला काही आठवत नसे. बाळे गुंगीत जन्मत, त्यांचा श्वास मंदावलेला असे. गुंगी आणि आराम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रयोगातून उमगायला हवे होते. ते पुरते उमगायला पुष्कळ काळ जावा लागला.

प्रसूतीत औषध एका देहात टोचले तरी ते दोन देहांत पोहोचते. या दुसऱ्या देहाची मोजदाद करण्याची सोपी रीत न्यूयॉर्कच्या भूलतज्ज्ञ डॉ. व्हर्जिनिया अ‍ॅपगार यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताठरपणा, प्रतिक्रिया आणि त्वचेचा रंग या पाच खुणांना प्रत्येकी शून्य ते दोन असे गुण देऊन नवजात बाळाची स्थिती दहापैकी गुणांत सांगता येऊ लागली. आईला दिलेल्या औषधाचा हिशेब बाळाच्या अंगावर वाचण्याचे साधन वैद्यकाला मिळाले.

तीन वाटा

आज प्रसूतिवेदना शमवण्याच्या प्रमुख वाटा तीन आहेत : श्वासावाटे घेण्याचा वायू, टोचण्याची अफूवर्गीय औषधे, आणि कण्यात दिली जाणारी एपिड्यूरल भूल. त्यांची पारख चार कसोट्यांवर करावी लागते. वेदना किती कमी होते? आईला त्रास काय होतो? बाळावर आणि प्रसूतीच्या गतीवर परिणाम काय होतो? आणि ते देण्यासाठी काय काय हाताशी असावे लागते?

पहिली वाट नायट्रस ऑक्साईडची, म्हणजे हास्यवायूची. रशियात स्तानिस्लाव क्लिकोविच यांनी १८८०-८१ च्या सुमारास प्रसूतीत तो वापरला. लिव्हरपूलचे डॉ. मिनिट यांनी १९३३ मध्ये असे यंत्र तयार केले की भूलतज्ज्ञ नसतानाही तो वायू घेता येऊ लागला. आता निम्मा नायट्रस ऑक्साईड व निम्मा ऑक्सिजन असे मिश्रण एकाच नळकांड्यात मिळते. मुखवटा स्त्रीच्या स्वतःच्या हातात असतो. गुंगी वाढली तर हात आपोआप खाली येतो आणि वायू बंद होतो. सुरक्षिततेची यापेक्षा साधी व्यवस्था शोधून सापडणार नाही. कळ सुरू होताच श्वास घ्यायला लागावे लागते, कारण परिणाम दिसायला पाऊण मिनिटाच्या आसपास वेळ जातो. कळ शिगेला पोहोचल्यावर घेतलेला वायू तिच्या उपयोगी पडत नाही. मळमळ, चक्कर हे त्रास होतात. पण काही मिनिटांतच वायू श्वासावाटे शरीराबाहेर पडतो आणि बाळाच्या श्वासोच्छ्वासावर त्याचा दुष्परिणाम दिसत नाही. वेदना मात्र यामुळे जात नाही, तिची धार थोडी कमी होते. आणखी एक अडचण खोलीतील हवेची. वायुवीजन चांगले नसेल, तर तो दिवसभर तेथे राबणाऱ्या परिचारिकांच्या श्वासात जातो. याच कारणाने २०२२-२३ मध्ये इंग्लंडमधील काही रुग्णालयांना त्याचा वापर काही काळ थांबवावा लागला.

दुसरी वाट इंजेक्शनची. तिचा प्रमुख प्रतिनिधी पेथिडीन. १९३९ मध्ये जर्मनीत पुढे आलेले हे औषध १९५० नंतर ब्रिटनमधील सुईणी स्वतःच्या अधिकारात देऊ लागल्या आणि जगभर ते प्रसूतिगृहाचे नेहमीचे औषध बनले. स्नायूत टोचले की पंधरा-वीस मिनिटांत परिणाम सुरू होतो आणि दोन ते चार तास टिकतो. ते स्वस्त आहे, द्यायला सोपे आहे. पण पहिल्या कसोटीवरच ते कच्चे ठरते. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील एका अभ्यासात असे दिसले की पेथिडीन किंवा मॉर्फीन दिल्यावर स्त्रिया पेंगुळल्या, पण त्यांनी सांगितलेल्या वेदनेचे प्रमाण फारसे घटले नाही. बाहेरून पाहणाऱ्याला ती शांत झाली असे वाटते. आत मात्र ती पेंगत पेंगत तीच कळ सोसत असते. शिवाय उलट्या होतात, पोटातील अन्न पुढे सरकत नाही. औषध वारेतून बाळाकडे जाते. इंजेक्शननंतर दोन-तीन तासांनी जन्मलेल्या बाळाचा श्वास मंदावण्याची शक्यता सर्वांत अधिक असते, आणि औषधाचा अंश त्याच्या शरीरात दोन-तीन दिवस राहू शकतो. त्यामुळे आरंभी ते दूध ओढायलाही आळसावते. या परिणामावर उतारा आहे, परंतु तो देणारा माणूस आणि बाळाला श्वास देण्याची साधने जवळ असावी लागतात.

पेथिडीनला पर्याय म्हणून ट्रॅमाडॉल पुष्कळ ठिकाणी दिले जाते. त्याने श्वास मंदावण्याचा धोका कमी असतो, पण वेदनाशमनही बेताचेच होते. याहून वेगळे औषध म्हणजे रेमिफेंटानिल. ते शिरेतून जाते, मिनिटभरात काम करते आणि तितक्याच त्वरेने ओसरते. स्त्री स्वतः कळ दाबून हवी तेव्हा त्याची छोटी मात्रा घेऊ शकते. ब्रिटनमधील १४ प्रसूतिगृहांत ४०० स्त्रियांवर झालेल्या, २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पेथिडीन दिलेल्यांपैकी ४१ टक्के स्त्रियांना पुढे एपिड्यूरल घ्यावे लागले, रेमिफेंटानिल घेतलेल्यांत हे प्रमाण १९ टक्के होते. परंतु या औषधाने आईचाच श्वास क्षणभर थांबू शकतो. म्हणून एका स्त्रीमागे एक प्रशिक्षित परिचारिका आणि ऑक्सिजन मोजणारे यंत्र सतत लागते. जिथे एक परिचारिका चार खाटा सांभाळते, तिथे ते देता येणार नाही.

तिसरी वाट एपिड्यूरलची. कमरेच्या मणक्यांमधून बारीक सुई घालून, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत एक नाजूक नलिका ठेवली जाते आणि तिच्यातून बधिर करणारे औषध थोडे थोडे सोडले जाते. स्त्री पूर्ण शुद्धीवर राहते, बोलते, बाळाला जन्मताच पाहते. वेदनाशमनाच्या कसोटीवर या उपायाची बरोबरी दुसरा कोणताही करू शकत नाही. औषध बाळाकडे फार थोडे जाते. सिझेरियन करावे लागलेच, तर त्याच नलिकेतून अधिक मात्रा देऊन पूर्ण बेशुद्धी टाळता येते.

याचेही दोष आहेत. रक्तदाब उतरू शकतो, ताप येऊ शकतो, लघवी अडू शकते. आठ-दहा स्त्रियांमागे एकीला पुरेसा आराम मिळत नाही आणि नलिका पुन्हा बसवावी लागते. शंभरात सुमारे एकीला सुई आत अधिक गेल्याने तीव्र डोकेदुखी जडते. रक्त गोठण्याचा दोष असेल किंवा टोचण्याच्या जागी जंतुसंसर्ग असेल, तर एपिड्यूरल देता येत नाही. कायमची कंबरदुखी मागे लागते हा समज मात्र अभ्यासांत टिकलेला नाही, आणि सिझेरियनचे प्रमाण वाढते हाही नाही. बाळ बाहेर येण्याचा टप्पा काहीसा लांबतो, हे खरे. चिमटा किंवा व्हॅक्यूम लावण्याची पाळी पूर्वी अधिक वेळा येत असे, कारण औषधाची मात्रा मोठी असे आणि पाय जड होऊन जोर लावता येत नसे. मात्रा कमी केल्यावर काय होते, हे इंग्लंडमधील १०५४ स्त्रियांच्या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. जुन्या पद्धतीच्या एपिड्यूरलमध्ये ३५ टक्के स्त्रियांची प्रसूती उपकरणाविना, नैसर्गिक मार्गाने झाली. कमी मात्रेच्या नव्या पद्धतींत सुमारे ४३ टक्के स्त्रियांची झाली. आज ज्या आक्षेपांनी घरातील वडीलधारी मंडळी सुनेला या औषधापासून परावृत्त करतात, त्यांतले पुष्कळसे जुन्या मात्रेचे आहेत.

एपिड्यूरल ही केवळ चैन आहे, असे मानणाऱ्यांनी स्कॉटलंडची आकडेवारी पाहावी. २००७ ते २०१९ या काळातील ५ लाख ६७ हजारांहून अधिक प्रसूतींच्या नोंदींचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी एपिड्यूरल घेतले, त्यांच्यात प्रसूतीशी निगडित गंभीर आजारांचे प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी आढळले. अकाली प्रसूती होणाऱ्या व आधीच धोक्यात असलेल्या स्त्रियांत हा फरक आणखी ठळक होता. नोंदींवरून कार्यकारणभाव ठामपणे सांगता येत नाही, हे मान्य. परंतु एपिड्यूरल घेतलेल्या स्त्रीची देखरेख अधिक बारकाईने होते आणि संकट आल्यास तातडीच्या शस्त्रक्रियेची वाट आधीच मोकळी असते, हे त्याचे एक सयुक्तिक स्पष्टीकरण आहे.

उलटा क्रम

ही तुलना एका वाक्यात सांगायची, तर वेदनाशमनात जे औषध सर्वांत सरस, तेच मनुष्यबळाच्या दृष्टीने सर्वांत अवघड. आणि जे द्यायला सोपे, ते आराम देण्यात तोकडे. यावरून काही न देणेच बरे, असा निष्कर्ष काढणे म्हणजे गच्ची परवडत नाही म्हणून छप्परही नाकारण्यासारखे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये दिलेल्या शिफारशींत, मागणी करणाऱ्या निरोगी गर्भवतीसाठी एपिड्यूरल आणि अफूवर्गीय औषधे हे दोन्ही पर्याय मान्य केले आहेत. त्यांच्याबरोबर मालीश, श्वसनाचे तंत्र आणि स्त्रीच्या पसंतीचे जवळचे माणूस यांनाही स्थान दिले आहे. हे शेवटचे साधन बिनखर्चाचे आहे. पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेल्या चाचण्यांच्या २०१७ मधील आढाव्यात, प्रसूतीभर सोबत मिळालेल्या स्त्रियांना वेदनाशामकांची गरज कमी लागली आणि त्यांची सिझेरियनेही कमी झाली, असे दिसले.

या कसोट्या महाराष्ट्राला लावून पाहिल्या, तर चित्र विसंगत दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील सुमारे ९५ टक्के प्रसूती दवाखान्यांत होतात. म्हणजे स्त्री डॉक्टरपर्यंत पोहोचली. तिला मिळते काय? कळा वाढवण्याचे सलाईन तिला सहज लावले जाते. त्या वाढवलेल्या कळा सोसण्यास मदत करणारे औषध मात्र सहसा मिळत नाही. वेदना तीव्र करणारे औषध उपचार ठरावे आणि ती शमवणारे औषध लाड ठरावे, हा न्याय कुठला? मोठ्या शहरांतील खासगी रुग्णालयांत एपिड्यूरल मिळते, पण त्याचे शुल्क वेगळे. सरकारी रुग्णालयात येणाऱ्या शेतमजुराच्या पत्नीला त्याचे नावही कोणी सांगत नाही.

याच पाहणीत राज्यातील सिझेरियनचे प्रमाण २५.४ टक्के आढळले. देशातील खासगी रुग्णालयांत तर ते ४७.४ टक्के आहे. या वाढीची कारणे अनेक आहेत, आणि त्यांत अर्थकारणही आहे. परंतु वेणांच्या भीतीने स्वतःच शस्त्रक्रिया मागणाऱ्या स्त्रिया आहेत, हे प्रसूतितज्ज्ञ सांगतात. ज्या समाजात बिनऔषधी कळा किंवा पोटावर सुरी, असे दोनच पर्याय समोर ठेवले जातात, तिथे सुरीची निवड करणाऱ्या स्त्रीला भित्री म्हणण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो?

भूलतज्ज्ञांचा तुटवडा हे यावर नेहमी दिले जाणारे उत्तर. ते खोटे नाही. तालुक्याच्या गावी चोवीस तास भूलतज्ज्ञ मिळणे कठीणच. अफूवर्गीय औषधांवर १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याची बंधने आहेत. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फीन, फेंटानिल आदी सहा औषधांची वाट सोपी केली, पण त्या यादीत पेथिडीन नाही. ट्रॅमाडॉलवरही २०१८ पासून नियंत्रण आले. तरीही अडचणींतून मार्ग काढता येतो, हे मुंबईतच दिसले आहे. डॉ. शिरीष दफ्तरी यांनी सहज मिळणाऱ्या औषधांच्या अल्प मात्रा आणि प्रसूतीच्या प्रगतीचा आलेख यांची सांगड घालून प्रसूतीची एक आखीव पद्धत पुढे आणली. एपिड्यूरलइतका आराम तिने मिळत नाही. परंतु साधने नाहीत म्हणून हात बांधून बसण्याचे कारण नाही, हे तिने दाखवून दिले.

सरकारने २०११ पासून सरकारी रुग्णालयांतील प्रसूती, तिच्यासाठी लागणारी औषधे आणि सिझेरियन मोफत केले आहे. या औषधांत वेदनाशामकांचा विचार स्पष्टपणे व्हायला हवा. आरंभ टप्प्याटप्प्याने करता येईल. वैद्यकीय महाविद्यालये आणि जिल्हा रुग्णालये येथे एपिड्यूरलची सोय चोवीस तास असावी आणि रक्तदाबाचा विकार किंवा अकाली प्रसूती असलेल्या स्त्रियांना तिचा लाभ प्रथम मिळावा. उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांत, खेळती हवा असलेल्या प्रसूतिकक्षात, वायूची सोय करावी. सोबतीला आई, बहीण किंवा नवरा यांपैकी तिला हवे ते एक माणूस सर्वत्र असू द्यावे. त्यासाठी पडदे लावण्यापलीकडे फारसा खर्च नाही.

आणि सर्वांत आधी व्हायला हवे ते म्हणजे सांगणे. कळा सुरू झाल्यावर संमतिपत्रावर घेतलेली सही ही संमती नसते. सातव्या-आठव्या महिन्यातील तपासणीच्या वेळीच, तिच्या भाषेत, कोणते औषध किती आराम देते, त्याचा बाळावर काय परिणाम होतो आणि या रुग्णालयात काय मिळू शकते, हे परिचारिकेने सांगावे. ते ऐकून एखादी स्त्री औषध नको म्हणेल. आपल्या बळावर बाळाला जन्म द्यावा, असे तिला वाटेल. तिचा तो निर्णय तितकाच आदरणीय आहे. पण नको म्हणण्यालाही अर्थ तेव्हाच येतो, जेव्हा हवे म्हटल्यावर काही मिळण्याची शक्यता असते. आज महाराष्ट्रातील बहुसंख्य स्त्रियांच्या सोसण्याला धैर्य असे नाव दिले जाते. निवड करण्याची संधी न देताच हे नाव देणे न्यायाचे नाही.